पहिल्या दिवसाचे वसूलराव

जहाज धक्क्याला बांधलेलं असतं, सुटायला अजून चार तास असतात, आणि वसूलराव केव्हाच सुटलेले असतात. पासपोर्ट दाखवून झाला, कॅमेऱ्याकडे बघून झालं, गळ्यात कार्ड आलं. बाकीचे प्रवासी मधल्या चौकात माना वर करून झुंबर बघतात, काचेच्या लिफ्टचे फोटो काढतात, एकमेकांना जिन्यावर उभं करतात. वसूलराव त्याच झुंबराखाली गणवेशातल्या पहिल्या माणसाला गाठून विचारतात, "जेवण कुठल्या मजल्यावर?"

हा गृहस्थ डोंबिवलीत सापडतो, चिंचवडला सापडतो, नाशिकला तर हमखास सापडतो. मुलगा न्यू जर्सीत असला की मायामीच्या धक्क्यावरही सापडतो. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, वय साठीच्या अलीकडे पलीकडे, कमरेला पाऊच, डोक्यावर मागच्या सहलीत फुकट मिळालेली टोपी. याआधी एकदा क्रूझ केलेली असते, त्यामुळे अधिकार मोठा. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जहाजाच्या सगळ्या मजल्यांचा नकाशा त्यांनीच टाकलेला असतो आणि त्यात एकाच जागेवर लाल गोल केलेला असतो. वरचा मजला, मागची बाजू, बुफे.

त्यांचा हिशेब साधा आहे. तिकिटात जेवण धरलंय. तिकिटाला रात्रींनी भागायचं, आलेल्या रकमेला दिवसाच्या खाण्यांनी भागायचं, की एका जेवणाची किंमत निघते. खोली, जलतरण तलाव, रात्रीचे कार्यक्रम, इंजिनाचं तेल, कप्तानाचा पगार हे सगळं या भागाकारात कुठे गेलं, असं विचारायचं नाही. निघालेली रक्कम पहिल्याच दुपारी वसूल झाली पाहिजे. म्हणून सकाळी घरून निघताना फक्त चहा. बॅलार्ड पिअरच्या फाटकाबाहेर कुणी वडापाव खाताना दिसला, तर वसूलराव त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

"अहो, दोन बिस्किटं तरी खा," असं वहिनी म्हणतात.

"अगं, बिस्किटं तिथेही आहेत."

मुंबईच्या माणसाला हे शास्त्र घराजवळ शिकायची सोय अलीकडेच झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याला जाऊ लागली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' आली. ती नवी नव्हे, १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेली. तेव्हा तिचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठीच तिची आखणी झाली होती. वसूलरावांना हा इतिहास पाठ आहे, कारण त्यातून त्यांना हवा तो निष्कर्ष निघतो. फेरी छोटी, म्हणजे जेवणं मोजकी, म्हणजे पहिलं जेवण सोडून चालणार नाही.

आता पहिल्या दुपारी वरच्या बुफेत एवढी झुंबड का उडते, यालाही कारण आहे. जहाज पहाटे धक्क्याला लागतं. जुने प्रवासी साधारण नऊ-दहापर्यंत उतरतात, नवे अकराच्या सुमारास चढायला लागतात आणि त्याच दिवशी संध्याकाळी जहाज पुन्हा निघतं. मधल्या वेळात हजारभर खोल्यांच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची. खोल्या दुपारी एक-दीडच्या आधी सहसा मिळत नाहीत. मोठ्या बॅगा खालीच ताब्यात घेतलेल्या असतात. म्हणजे पाठीवर सॅक, हातात पर्स, काखेत पोर घेतलेली काही हजार माणसं जहाजात आहेत आणि त्यांना टेकायला जागा नाही. ती जेवायला नाहीतर जाणार कुठे? रॉयल कॅरिबियनच्या ओएसिस श्रेणीच्या एकेका जहाजात पाच हजारांहून जास्त प्रवासी असतात. त्यातले निम्मे जरी एका वेळी सोळाव्या मजल्यावरच्या विंडजॅमर बुफेकडे निघाले, तरी लिफ्टसमोर काय होत असेल ते दादर स्थानकावरून रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

वसूलराव लिफ्टच्या भानगडीत पडत नाहीत. एरवी गुडघ्याच्या कारणावरून सोसायटीच्या सभेला न येणारा हा माणूस अकरा-बारा मजले जिन्याने चढतो.

दारात पहिला अडथळा येतो. हात धुवा. पुष्कळ जहाजांवर बुफेच्या तोंडाशी एखादा उत्साही कर्मचारी 'वॉशी वॉशी' असं गात उभा असतो. गाणं गमतीचं असलं तरी कारण गमतीचं नाही. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू बंद जागेत झपाट्याने पसरतो, आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला तो फारसा जुमानत नाही. त्याला साबण-पाणीच लागतं. म्हणून काही नव्या जहाजांवर बुफेच्या दारातच बेसिनं बसवली आहेत. वसूलराव हात धुतात, पण एकेक. दुसऱ्या हाताने खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवून वहिनींना पुढे धाडतात. टेबलावर टोपी, खुर्चीवर सॅक, दुसऱ्या खुर्चीवर वहिनींची ओढणी, तिसऱ्या खुर्चीवर साक्षात वहिनी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली पिढी आहे ही, तिला टेबल काय जड आहे!

मग पाहणी. जाणकार माणूस आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारतो, काय काय आहे ते बघतो आणि नंतर ताटली उचलतो. हा सल्ला वसूलरावांनीच ग्रुपवर टाकलेला असतो. स्वतः मात्र ते ताटली घेऊनच चक्कर मारतात, कारण परत येईपर्यंत कोळंबी संपली तर? त्यामुळे पहिल्या ताटलीचा नकाशा जहाजाच्या नकाशासारखाच मजल्यामजल्यांचा होतो. तळाला पास्ता, त्यावर भात, भातावर पनीर, पनीरला टेकून माशाचा तुकडा, शिखरावर कलिंगडाची फोड आणि कडेला, घसरायच्या बेतात, चॉकलेट केक. कलिंगडाचं पाणी माशात उतरतं. "मिक्स छान लागतं," असं ते म्हणतात.

भारतीय पदार्थांच्या विभागात त्यांचा एक वाद ठरलेला असतो. तिथे डाळ माखनी असते, पनीर असतं, नान असतो, जैन जेवणाचीही सोय असते. सिंगापूरहून किंवा मुंबईहून निघणाऱ्या जहाजांना भारतीय प्रवाशांची चांगली ओळख झालेली आहे. पण समुद्रावरचा भारत म्हणजे साधारण लुधियाना ते दिल्ली. आमटी नसते. वसूलराव दोन डाळींची झाकणं उचलतात, वास घेतात, झाकणं ठेवतात आणि उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला 'साधं वरण' म्हणजे काय ते इंग्रजीत समजावू लागतात. मागे रांग थांबते. स्वयंपाकी इंडोनेशियाचा असतो आणि फार सभ्य असतो. शेवटी सॅलडच्या कोपऱ्यात दह्याचा वाडगा सापडतो आणि प्रकरण दही-भातावर मिटतं. एवढा मोठा समुद्र, एवढं मोठं जहाज, आणि पहिल्या दुपारी आपला माणूस दही-भात खातो. यात हसण्यासारखं काही नाही. पोटाला कळतं ते.

खरी गंमत पुढे आहे. ज्या वेळी हा रणसंग्राम चालू असतो त्याच वेळी त्याच जहाजावर, त्याच तिकिटात, निवांत बसून जेवायच्या दोन-चार जागा बहुधा मोकळ्या असतात. पुष्कळ जहाजांवर पहिल्या दुपारीही मुख्य भोजनगृह उघडं असतं. पांढरा टेबलक्लॉथ, मेन्यू कार्ड, वाढायला माणूस. ओएसिस श्रेणीच्या जहाजांत आठव्या मजल्यावर, खऱ्या झाडांच्या बागेत, पार्क कॅफे आहे. तिथलं रोस्ट बीफ सँडविच म्हणजे मुरलेल्या प्रवाशांचं आवडतं गुपित. वसूलरावांना त्यातला बीफ तेवढा ऐकू येतो आणि तिथे समोर करून मिळणारं सॅलड आणि गरम सूपही आहे हे कळायच्या आत ते पाठ फिरवतात. पाचव्या मजल्यावर सोरेंटोज नावाचं पिझ्झाचं दुकान आहे, तेही फुकट. कार्निव्हलच्या जहाजांवर पोहण्याच्या तलावाशेजारी गायज बर्गर जॉइंट असतं. नॉर्वेजियनच्या काही जहाजांवर ओशीहॅन्स नावाचं खानावळवजा ठिकाण रात्रंदिवस चालू असतं. पैसे पडतात ते स्टेकहाउस, सुशी वगैरे खास हॉटेलांना, आणि बहुतेक ठिकाणी बाटलीतल्या थंड पेयांना. बुफेतलं पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत यांना सहसा पडत नाहीत.

पण वसूलरावांचा अशा जागांवर विश्वास नाही. जिथे पदार्थ ओळीने मांडलेले दिसत नाहीत, तिथे काहीतरी लपवलेलं असणार.

हे त्यांना समजावायचा प्रयत्न एकदा तरी होतो, आणि तो बहुधा गोव्याचा माणूस करतो. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर नाव आणि देश लिहिलेला असतो. 'इंडिया' वाचलं की वसूलराव गाव विचारतात आणि उत्तर पुष्कळदा सासष्टीचं येतं. गोंयकार तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा गोव्याचा माणूस, ही काही आजची गोष्ट नाही. ब्रिटिश बोट कंपन्यांच्या भटारखान्यांत आणि भोजनगृहांत गोव्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायला त्यांनी धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड', म्हणजे सामायिक राहायच्या जागा, काढल्या, त्यांतल्या काही अजून आहेत. तर असा हा तीन पिढ्यांचा अनुभव पाठीशी असलेला पोरगा वाकून हळूच सांगतो, "काका, इथे कशाला उभे राहता? खाली डायनिंग रूम उघडी आहे. बसून जेवा, गर्दी नाय."

"तिथे मोजून वाढतात," वसूलराव म्हणतात.

"नाय काका. दोन सूप मागा, दोन भाज्या मागा, परत मागा. कोण पैसे घेत नाय."

वसूलराव त्याच्याकडे बघतात. एवढी वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कुणी आपणहून चांगली योजना सांगितली की संशय येतोच. ते तिसऱ्या ताटलीसाठी उठतात.

वहिनींचं तंत्र निराळं आहे. त्या घेतात थोडं, पण नवऱ्याच्या ताटलीतलं चाखून बघतात आणि जे खरंच चांगलं असेल तेवढंच उठून आणतात. सगळ्या प्रयोगाचा खर्च वसूलरावांच्या पोटातून होतो. शिवाय वहिनींच्या पर्समध्ये सीलबंद पाकिटातला चिवडा असतो. घरी केलेलं खाणं बरोबर आणू नका, असं बहुतेक क्रूझ कंपन्या सांगतात, पाकिटबंद कोरडं खाणं चालतं. वहिनींनी हे नियम वाचलेले असतात. वसूलरावांनी फक्त जेवणाच्या वेळा वाचलेल्या असतात.

हे उघडकीला येतं दीड वाजता. मधुमेहाची गोळी जेवणाआधी घ्यायची असते. गोळ्या निळ्या बॅगेत असतात. निळी बॅग धक्क्यावर देऊन टाकलेली असते आणि ती खोलीच्या दाराशी पोचायला संध्याकाळही होऊ शकते. वसूलराव चमचा खाली ठेवतात. त्या दुपारची त्यांची ही पहिली विश्रांती. वहिनी काही न बोलता पर्सच्या आतल्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी काढून पुढे सरकवतात. केक त्या आपल्याकडे ओढून घेतात.

चारच्या सुमारास सुरक्षा कवायतीची घोषणा होते. सात छोटे भोंगे, एक लांब. वसूलरावांच्या मते हा चहाच्या वेळेवर घातलेला दरोडा आहे. मात्र इथे त्यांची बाजू घेता येत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, तेव्हा पुष्कळ प्रवासी रात्रीच्या जेवणाला बसले होते. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो जणांची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुदत होती. बत्तीस माणसं गेली. २०१५ पासून नियम बदलला. नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. आता पुष्कळ जहाजांवर फोनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि आपल्या नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच उरलं आहे. वसूलराव कार्ड दाखवतात. दुसऱ्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेले दोन पाव असतात, "रात्री लागले तर."

रात्री ते लागत नाहीत. जहाज बंदराबाहेर पडून लाटांवर डोलायला लागतं आणि मुख्य भोजनगृहातल्या पाच पदार्थांच्या जेवणाला वसूलराव फक्त लिंबू सरबत घेतात. पहिल्या दुपारचं जेवण हे बंदरातलं, स्थिर जहाजावरचं जेवण असतं. ते भरपूर जातं यात जिभेइतकाच धक्क्याला बांधलेल्या दोरखंडांचा वाटा आहे.

तरीही माणूस वाईट नाही. त्यांच्या जिवावर सगळ्या ग्रुपला खिडकीजवळचं टेबल मिळतं, कोळंबी कुठे आणि दही कुठे याची खबर मिळते. फक्त त्यांच्या मागोमाग जिना चढू नका. आधी खालच्या भोजनगृहाच्या दारात डोकावून उघडं आहे का ते विचारा. बुफेच हवा असेल तर दोननंतर जा. खोल्या मिळाल्या की गर्दी ओसरते आणि बुफे बहुधा तीन-साडेतीनपर्यंत चालू असतो. गोळ्या, चष्मा आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.