नाण्याआधी सर गायब

जालन्यातल्या भाच्याने ऑनलाइन जादूचा क्लास लावला. सर मोबाइलवर, शिष्य पलंगावर. धडा पहिला : नाणं तळव्याच्या घडीत दाबायचं आणि हात रिकामा असल्याचं भासवायचं. ऐन वेळी रेंज गेली. नाण्याआधी सरच गायब! ‘हे कसं केलं?’ भाचा अवाक.

पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरी ही कला तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली. कोपऱ्यात बसून थोरल्यांच्या हाताकडे बघत. आता हात कॅमेऱ्याच्या चौकटीत असतो आणि खरी करामत चौकटीबाहेर.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते शाळेत पाण्याने दिवा पेटवतात आणि कार्बाइडचं गुपितही फुकटात फोडतात. चमत्काराच्या नावाखाली लोकांना लुबाडणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलं. क्लासवाले त्यातून सुटले, कारण फी आगाऊ जाते आणि ती कुठे गेली हे पालकांना नीट दिसतं.

‘जालना, सोने का पालना’ म्हणत वाढलेली ताई, म्हणजे भाच्याची आई, मात्र व्यवहारी. डेमोच्या शेवटी रिकामा हंडा कॅमेऱ्यासमोर धरून तिने विचारलं, “सर, नळाला पाणी आणायची जादू कितव्या धड्यात?”

सर हसले. “ती ॲडव्हान्स कोर्सला, मॅडम.”