तळ्याकाठचा तज्ज्ञ

पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली, म्हणजे मुंबईच्या राणीच्या बागेहूनही ती वयाने मोठी. एवढ्या जुन्या गावाला एखादी ऐतिहासिक बाग हवीच, असे एका (अर्थातच काल्पनिक) सुशोभीकरणतज्ज्ञांच्या मनाने घेतले. त्यांनी नकाशा पसरला. जिकडे पाहावे तिकडे तळी! वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे. बागेच्या जागी सगळे पाणीच.

तज्ज्ञ दचकले, पण लगेच सावरले. तळे म्हणजे मधोमध पाणी साचलेली बागच. काठाने पेव्हर ब्लॉक बसवले की झाले.

इस्रायल तलाव हे नाव वाचून तर त्यांची कळी खुलली. हा ठिबक सिंचनाचा प्रकल्प असणार! मग त्यांना समजावावे लागले, की बेने इस्रायली इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचे पनवेलमधले बेथ एल सिनेगॉग १८४९ चे, नगरपालिकेला तीन वर्षांनी थोरले. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि टिपून घेतले : ‘सेल्फी पॉइंटला वाव.’

वडाळे तळ्याचे सुशोभीकरण होऊन गेले आहे, आणि लोकांना ते आवडते, हेही खरेच. सकाळी फेऱ्या मारणारे एकमेकांना शुगरचे आकडे सांगतात. संध्याकाळी पोरांच्या मागे आया धावतात. गावाला एकत्र बसायला जागा लागते आणि ती फुकट असली तर गर्दी होतेच.

तज्ज्ञांचे घोडे अडले ते तळ्यातल्या कमळपक्ष्यापाशी. या पक्ष्याची बोटे इतकी लांब, की वजन पसरते आणि तो पाण्यावरच्या पानांवरून ऐटीत चालतो. घरटेही पाणवनस्पतींवर तरंगते. मादी अंडी घालून मोकळी. उबवायची आणि पिल्ले सांभाळायची नराने. असा गुणी बाप महिला दिनाच्या फ्लेक्सवर शोभला असता. पण त्याच्या गरजा काय, तर उथळ काठ, चिखल आणि पाणवनस्पतींचा गुंता. चिखल आणि तण हटवण्यात तज्ज्ञांची उभी हयात गेलेली!

त्यांना २६ जुलै २००५ चीही आठवण करून देण्यात आली. त्या दिवशी पनवेल पाण्याखाली गेले. तळी, पाणथळ जागा पावसाचे पाणी पोटात घेतात, कडेपर्यंत काँक्रीट आले की ते जिरायला जागा उरत नाही, असे एका पक्षीनिरीक्षकाने पोटतिडकीने सांगितले. तज्ज्ञांनी ‘जलव्यवस्थापन’ असा मथळा लिहिला आणि त्याखाली रंगीत कारंजे काढले.

शेवटी त्या निरीक्षकाने सुचवले, की निविदेत एक कलम वाढवा : ‘काठाचा अमुक भाग आहे तसाच ठेवणे.’ तज्ज्ञांनी दर विचारला. शून्य रुपये, असे उत्तर आले. एवढ्या कमी दराचे काम दर्जेदार असूच शकत नाही, असा शेरा मारून त्यांनी कलम परत पाठवले.