पोरगं क्रिमिनॉलॉजी करायलंय: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सगळ्यात आधी घरी सांगून मोकळे व्हा. पुढचं सगळं त्यामानानं सोपं आहे. लातूर-नांदेड पट्ट्यात दहावीच्या निकालादिवशी पाहुणे पेढा उचलता उचलता एकच विचारतात, "पीसीबी का पीसीएम?" या प्रश्नाला 'क्रिमिनॉलॉजी' हे उत्तर बसत नाही. पेढा हातातच राहतो. वडील म्हणतात, "म्हणजे पोलीस का?" नाही. "मग वकील?" तसंही नाही. "मंग काय चोर होयलास का बाबा?" इथं घाईनं उत्तर देऊ नका, आजीला बोलू द्या. आजी म्हणेल, "त्याला कशाला कॉलेज लागतंय? तुझा चुलता दरसाल ईतभर बांध कोरतोय, त्याला कोणत्या मास्तरानं शिकविलं?"

हा प्रश्न वहीत उतरवून घ्या. एडविन सदरलँड नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं १९३९ साली जवळपास याच प्रश्नावर सिद्धांत मांडला. गुन्हा रक्तातून येत नाही, तो शिकला जातो. जवळच्या माणसांत उठून-बसून शिकला जातो, आणि करायची हातोटी अन् केल्यावर सांगायची सबब या दोन्ही गोष्टी तिथंच मिळतात. चुलत्याला बांध कोरायला त्याच्या चुलत्यानं शिकवलेलं असतं. 'मोजणीच चुकलेली आहे' ही सबबही त्याच घरातली. आजीला पहिल्या सत्राचे गुण देऊन टाका.

आता प्रवेश. 'क्रिमिनॉलॉजी' अशी पाटी शोधत गावभर फिरू नका. आपल्याकडे हा विषय सुटा सुटा मिळतो. थोडा बीएच्या समाजशास्त्रात, थोडा विधी महाविद्यालयात (लातुरात दयानंद, नांदेडात नारायणराव चव्हाण), आणि रक्ताचे डाग, बोटांचे ठसे वगैरे हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत. देशात या विषयाचा विभाग सागर विद्यापीठात १९५९ सालीच निघाला होता, पण सागर मध्य प्रदेशात आहे आणि घरचे अजून तुम्हाला पुण्याला पाठवायलाही तयार नाहीत.

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठात नाव घातलंत तर कमानीखालून आत शिरताना पाटी एकदा नीट वाचा. स्वामी रामानंद तीर्थ. १९३८ च्या सत्याग्रहात निजामानं या माणसाला तुरुंगात घातलं, पुढेही पुन्हा घातलं, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम शरण आला तेव्हा ते बाहेर आले. १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीवर हैदराबाद संस्थानाच्या एका कैद्याचं नाव छापलेलं असतं. गुन्हेगार कोण, हे ठरवणारी खुर्ची बदलली की काय होतं, त्यावर यापेक्षा चांगलं पहिलं व्याख्यान तुम्हाला वर्गात मिळणार नाही. तिथं बहुधा हजेरीच चालू असेल.

पहिल्या सत्रात लोंब्रोसो येतो. हा इटालियन डॉक्टर. १८७६ च्या पुस्तकात त्यानं सांगितलं की जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखू येतो: पुढे आलेला जबडा, मोठे कान, मागं गेलेलं कपाळ. हा धडा झाला की पुढचे आठ दिवस नांदेड-लातूर एसटीनं प्रवास टाळा. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत तुम्ही प्रवाशांचे कान बघत बसता, आणि लोकांना ते आवडत नाही. सिद्धांत कधीच मोडीत निघालाय. तो अजून मानणारे लोक तुम्हाला विद्यापीठात कमी आणि पारावर जास्त भेटतील.

त्यानंतर कोहेन आणि फेलसन, १९७९. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: इच्छुक माणूस, सोयीचं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. प्रात्यक्षिकाला लातूरच्या गंजगोलाईत जा. १९१७ सालची ही गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं मंदिर आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी खिशावर हात ठेवून उभे राहा. सावज म्हणजे तुम्ही, इच्छुक माणूस गर्दीत आहेच, राखणदार चहाला गेलाय, आणि सुटकेला सोळा वाटा. पाठ्यपुस्तकात असला नकाशा नाही.

रॉबर्ट मर्टनला मात्र वेळ द्या, कारण तो न येता लातुरावर लिहून गेलाय. १९३८ च्या निबंधात तो म्हणतो की समाज सगळ्यांपुढे एकच ध्येय टांगतो, पण तिथं पोचायची शिडी सगळ्यांना सारखी देत नाही. मग माणसं पाच तऱ्हेनं वागतात. हे पाचही जण लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एकाच मेसमध्ये जेवतात, फक्त ताट घेऊन बसायला हवं. पहिला पहाटेच्या बॅचला जातो, वही पूर्ण ठेवतो, ध्येयही मान्य आणि शिडीही. दुसरा रिपीटर, डॉक्टर व्हायची आशा मनातून केव्हाच सुटलीय, पण टेस्ट सिरीज एक चुकवत नाही, कारण न चुकवणं हेच आता त्याचं काम झालंय. तिसरा फक्त जेवायला उठतो. त्याच्याशी थट्टा करू नका, शेजारी बसा. चौथा परीक्षाच रद्द करा म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चात असतो. पाचव्याला ध्येय मंजूर आहे, शिडीचा कंटाळा आहे, तो विचारतो, "पेपर कितीला मिळतोय?"

पाचव्यावर टिपण काढायला जून २०२४ ची वर्तमानपत्रं काढा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या प्रकरणात दहशतवादविरोधी पथकाच्या (एटीएस) नांदेड युनिटनं लातुरात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं, गुन्हा नोंदला गेला, तपास सीबीआयकडे गेला. त्याच महिन्यात, २१ जूनला, सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांचा केंद्राचा नवा कायदा लागू झाला. संघटितपणे पेपर फोडणाऱ्याला ५ ते १० वर्षं कैद आणि किमान १ कोटी दंड. ज्या 'पॅटर्न'नं राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव बोर्डाच्या गुणवत्ता यादीत गाजवलं, त्याच्याच शहरात एटीएसची गाडी. पेपर विकत घ्यायला निघालेल्या बापाला आपण गुन्हा करतोय असं वाटत नाही, लेकराचं भलं करतोय असं वाटतं. इथं सदरलँडला पुन्हा बोलवा. 'व्हाइट कॉलर क्राइम' हा शब्दप्रयोग त्याचाच.

आणि मग पाठ्यपुस्तक बंद करून लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' उघडा. ही पायरी गाळू नका. बाकीच्या गाळल्या तरी पास व्हाल. गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. पुस्तक १९८७ चं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. लोंब्रोसोनं जे १८७६ मध्ये चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न केला, ते इंग्रज सरकारनं त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, जन्मावर लिहून टाकलं होतं: गुन्हेगार जमाती कायदा. जमातीत जन्मलं की नाव नोंदवहीत, मग हजेरी, मग गाव सोडायला परवाना. निजामाच्या राज्यातही तसाच कायदा होता, आणि त्याच्या यादीत आज किनवट-मुखेडच्या तांड्यांवर राहणारे बंजारेही होते. कायदा १९५२ मध्ये गेला. नंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर जायचं हे ठाण्याला पाठ राहिलं. अशाच एका जमातीतलं 'उचल्या' वाचताना सदरलँडचा सिद्धांत शब्दशः दिसतो, खिसा कापायची शिकवणी घरातच. पण दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नव्हता, हे सदरलँडच्या नऊ कलमांत शोधावं लागतं. गायकवाड शाळेत गेले, सूतगिरणीत लागले, लिहिते झाले. अशी उदाहरणं दाखवून 'बघा, मनात आणलं तर होतं' असं म्हणणारा एक जण प्रत्येक वर्गात असतो. त्याला एवढंच विचारा की पेपर फोडणाऱ्याची जमात कोणत्या सालच्या कायद्यात लिहिलीय.

तोंडी परीक्षेत 'गुन्हेगार जमाती' म्हणू नका, 'विमुक्त' म्हणा. परीक्षकच तसं म्हणाले तर... तुमचे गुण त्यांच्या हातात आहेत, तुम्ही ठरवा.

कलमं पाठ करायची का? केली असतील तर विसरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, खून ३०२ वरून १०३ वर आला, फसवणूक ३१८ वर गेली आणि ४२० नावाचं कलमच उरलं नाही. चौकातल्या भांडणात मात्र अजून जुनाच क्रमांक चालतो, सवय ठेवा. १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे. या १४४ वर घरपाठ असा: मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. पाचाहून जास्त माणसं घागर घेऊन एकत्र आली तर आदेशाचा भंग. महिन्याभरात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी. प्रश्न: या प्रकरणात आरोपी कोण? उत्तर दोन पानांत लिहा, 'पाऊस' हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

नोकरीचं थोडक्यात. पोलीस भरतीला बारावी पास लागते, छातीची फुगवण लागते, १६०० मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो, आणि लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. मर्टन येत नाही. मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरांना सिद्धांत सांगायला जाऊ नका, त्यांचा दम मोडतो. फौजदाराची परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येते, म्हणजे तुमच्याही.

शेवटी क्षेत्रकार्य. ठाण्यात जाताना स्वच्छ कपडे, वही, आणि प्राचार्यांचं पत्र. पत्र कुणी वाचणार नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ बाकावर बसा आणि ऐका. अर्धी गाऱ्हाणी 'एनसी'त जातात, म्हणजे अदखलपात्र; काही 'अर्ज द्या, बघू'वर थांबतात; काही बायका दारातूनच परततात, कारण आत शेजारच्या गावचा माणूस बसलेला असतो. नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे यांत जे अंतर पडतं त्याला पुस्तकात 'काळा आकडा' म्हणतात. तो तुमच्यासमोर चपला घालून निघालेला असतो. मुद्देमाल खोलीत डोकवा: दुचाक्या, कोयते, गावठी दारूचे कॅन, प्रत्येकाला चिठ्ठी. व्हिसेरा प्रयोगशाळेकडे रवाना झालेला असतो आणि सगळे 'सीए' यायची वाट बघत असतात. हा सीए हिशेब तपासत नाही, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आहे. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे असं नवी नागरिक सुरक्षा संहिता म्हणते, आणि त्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत देते.

दुपारी दोनच्या सुमारास हवालदार तुमच्याकडे बघून गोड हसतील. "शिकलेलं पोरगं दिसतंय. जरा या की संगट." पंचनाम्याला पंच मिळत नाहीत, गावातला शहाणा माणूस जीप दिसली की शेतात जातो. तुम्ही मात्र उत्साहानं जाल. मातीत पडलेली चप्पल, तुटलेली बांगडी, दिशा, अंतर, सगळं मराठीत लिहिलं जाईल, आणि 'वाचून पाहिले, बरोबर आहे' याखाली तुमची सही. सही करण्याआधी खरंच वाचा. आणि पत्ता कायमचा द्या, होस्टेलचा नको. खटला उभा राहीपर्यंत पदवी संपलेली असेल, तुम्ही चाकणला किंवा हिंजवडीत कामाला असाल, आणि समन्स गावी आजीच्या हातात पडेल. रजा टाका, रात्रीची गाडी पकडा. साक्षीच्या पिंजऱ्यात बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारेल, "आपण त्या दिवशी पोलीस ठाण्यात काय करत होता?" "क्रिमिनॉलॉजीचा अभ्यास" असं ठामपणे सांगा. तो न्यायाधीशांकडे बघेल. तुम्ही बघू नका, भत्त्याची पावती मागायला विसराल.