आवक-जावक

पंखे जितके अधिक, तितका संगणक थंड, हा जो सिद्धान्त आमच्या आळीत वेदवाक्यासारखा मान्य आहे, त्याचे दोन कट्टर पुरस्कर्ते, वैशाखातल्या ऐन दुपारी आमचे कॅबिनेट गुरगुरू लागताच, तज्ज्ञांच्या नित्य रिवाजाप्रमाणे न बोलावता हजर झाले.

पैकी शेजारचे अण्णा निवृत्त अव्वल कारकून. त्यांनी बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन रोखण्याचा हुकूम सोडला. तापमान उतरले, हे नाकारण्यात अर्थ नाही; परंतु वाऱ्यापाठोपाठ रस्त्यावरची धूळ आणि आमच्या मांजरीचे केसही बिनदिक्कत दाखल होऊ लागले. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, पत्रा लावा, मी पंखेच बसवतो," आणि वारा घालायचा तो आतच, अशा निर्मळ तर्काने त्याने पुढे, मागे व बाजूला बसवलेल्या तिन्ही पंख्यांची तोंडे आत वळवली. आवकेला तीन कारकून आणि जावकेला एकटा बापडा एसएमपीएस, अशी ती कचेरी चालू झाली.

या एसएमपीएसची दैना ऐकण्याजोगी आहे. घरातल्या २३० व्होल्टांचे १२, ५ व ३.३ व्होल्ट करून देताना तो स्वतःच तापतो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तरी ४०० वॅट पुढे पोचवण्यासाठी त्याला ५०० घ्यावे लागतात, आणि मधल्या १०० वॅटांची उष्णता त्याच्याच पोटात राहते. अशा पीडिताच्या माथी प्रोसेसरचा कढत निःश्वासही मारल्यावर त्याचा पंखा किंचाळला, तर दोष कोणाचा?

भाच्याच्या बाजूने एवढे नमूद केले पाहिजे, की १९९५ साली खुद्द इन्टेलने एटीएक्सचा आराखडा काढला, तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने हवा आतच, प्रोसेसरच्या दिशेने सोडावी अशी तजवीज होती. तापलेल्या डब्यातून आलेला वारा कोणाला काय गारवा देणार? पुढे ती दिशा फिरवण्यात आली. आम्ही मागचा पंखा तेवढा उलटा केला आणि गुरगुर थांबली. अण्णांच्या मते हे श्रेय टेबलफॅनचे आहे.

वाचकांस विनंती एवढीच, की पंख्याच्या चौकटीवर बाण असल्यास तो पाहावा. नसल्यास, ज्या बाजूस मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते असे समजावे. आणि एसएमपीएस मात्र कोणीही घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युत्भार काही काळ शिल्लक राहू शकतो.