बाहेर चालतं का?

जावाच्या प्रत्येक जुन्या टीममध्ये हे सर असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डब्यात घरची पोळीभाजी आणि तोंडी एकच प्रश्न: "सर्व्हरच्या बाहेर चालतं का?"

कुणी हौसेने नवा रिपोर्ट दाखवावा, टॉमकॅटवर तो झोकात चालावा, की हा प्रश्न आलाच. बाहेर अर्थातच चालत नसतं. डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड सगळं टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये. प्रोग्राम फक्त 'जेडीबीसी/पेरोल' असं नाव पुकारतो आणि सर्व्हर तयार कनेक्शन हातात ठेवतो. सोसायटीच्या वॉचमनकडे किल्ली ठेवावी, तशी ही जेएनडीआयची सोय. पण जेयुनिटची टेस्ट सर्व्हर न लावता चालवायची असते, तिथे वॉचमनच नाही. मग स्क्रीनवर लालभडक 'नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन' उमटतं आणि सरांचा चेहरा खुलतो.

सवय ऑफिसच्या कामापुरती असती, तर एक वेळ चाललं असतं. कुणाची मुलगी कथ्थक शिकते म्हटलं, की "क्लासच्या बाहेर नाचते का?" कँटीनचा समोसा आधी चटणीशिवाय खाऊन बघणार. टीममधल्या एकीने लग्न ठरल्याचे पेढे वाटले, मुलगा एकुलता एक आहे म्हणाली, तर पेढा तोंडात असतानाच सरांनी विचारलं, "घराबाहेर राहिलाय का कधी?" चांगलाच आगाऊ प्रश्न. पण ती बराच वेळ गप्प होती.

एका पोराने सरांवर मात करायची म्हणून टेस्टसाठी मेमरीतला एचटू डेटाबेस लावला. टेबल बनलं, पण पुढच्याच कनेक्शनला ते सापडेना. अख्खी दुपार गेली. सर चहाचा कप घेऊन आले, यूआरएलच्या शेवटी 'डीबी_क्लोज_डिले=-1' जोडलं आणि टेस्ट हिरवी झाली. शेवटचं कनेक्शन बंद झालं, की मेमरीतला एचटू सगळा संसार आवरतो, एवढंच कारण. पोरगं बॅग भरू लागलं, तोच सर दारातून परत फिरले. "आपल्याकडे खरा डेटाबेस ओरॅकल. तो रिकाम्या स्ट्रिंगला नल मानतो. हा मानतो का?"

बॅग पुन्हा खाली.

तरी एक सांगायलाच हवं. एकदा एका नवख्याने टेस्टच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये क्यूएच्या डेटाबेसचा पत्ता टाकला. टेस्ट सुरू होताना आधी टेबल साफ करायची. क्यूएचा महिन्याचा डेटा क्षणात गेला. मॅनेजर नाव शोधत आला, तेव्हा सर म्हणाले, "रिव्ह्यू माझा होता." रिव्ह्यू त्यांच्याकडे आलाच नव्हता. मग रात्री बसून त्यांनी कोड बदलला: क्लासने स्वतः कनेक्शन शोधत फिरायचं नाही, डेटासोर्स बाहेरून द्यायचा. सर्व्हरवर टॉमकॅटचा, टेस्टमध्ये स्प्रिंगचा साधा ड्रायव्हरमॅनेजरडेटासोर्स. आणि टेस्टच्या यूआरएलमध्ये लोकलहोस्ट नसेल, तर टेस्टने जागीच थांबायचं. त्या नवख्याला ते एका शब्दाने बोलले नाहीत. प्रश्न तेवढा विचारला.

2014 मध्ये स्प्रिंग बूट 1.0 आलं. टॉमकॅटच जारच्या पोटात जाऊन बसला. टीमने जुना प्रोजेक्ट त्यावर नेला, तेव्हा पोरं विचारू लागली, "कुठल्या सर्व्हरच्या बाहेर, सर?" सर हसले, पण प्रश्न विचारणं कमी झालं. पुढे कंपनीने माणसं कमी केली. पगार मोठा असलेल्यांची नावं आधी निघतात, तसं सरांचंही निघालं. कँटीनमध्ये कुणीतरी बोलून गेलं, "आता सर बाहेर चालतील का?" हसण्यासारखंच होतं, पण हसलं कुणी नाही.

सर हल्ली गावाकडे एका सहकारी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळतात. परवा रात्री उशिरा टीमच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "इथे टेस्टचं मशीनच नाही. बाहेर वगैरे काही नाही, जे आहे ते थेट प्रॉडक्शन."

पहिलं उत्तर त्याच क्यूएवाल्या नवख्याचं होतं. "सर, बँक कोणती? आईची एफडी आहे तिकडे."