टॉवेलची जात

सोलापुरात बेट पाहायचं असेल तर सिद्धेश्वराच्या देवळात जायचं. चहूकडून तलावाचं पाणी, मधोमध देऊळ, काठाला भुईकोट किल्ला. एवढ्या भांडवलावर आमची बेटाची हौस पिढ्यान्‌पिढ्या भागत आली आहे. समुद्र मुंबईत असतो आणि मुंबई सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं एका रात्रीत येते, तेव्हा त्याची वेगळी काळजी करायचं कारण नसतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एकदम एवढ्या पाण्याचा विषय काढणं तसंही बरं दिसत नाही.

तो विषय आमच्या घरात बायकोनं काढला. रत्नागिरीपासून वर मुरुडपर्यंत किनाऱ्यानं गाडी हाकायची, खाड्या बोटीनं ओलांडायच्या, समुद्रातले किल्ले पाहायचे, असा बेत. तिच्या वडलांनी, म्हणजे आमच्या मामांनी, तो ऐकला आणि काही न बोलता पिशवी भरायला घेतली. मामा गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली, पण जॉबरकी सुरूच आहे. फक्त हाताखाली आता आम्ही आहोत. राहता राहिला टॉवेल.

टॉवेल हा आमचा कुत्रा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यामागं चिंध्यांच्या ढिगात सापडला, म्हणून टॉवेल. पुढून पाहिला तर खानदानी: निमुळतं लांब तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट, काटक्यांसारखे उंच पाय. मागून पाहिला की आमची गल्ली दिसते. शेपटी जिलबीसारखी वळलेली, आणि एक कान कायम हजर तर दुसरा कायम रजेवर. याला शेजाऱ्यांकडं ठेवायची सोय नव्हती, कारण शेजाऱ्यांनी त्याला आधी ठेवून पाहिलं होतं. रेल्वेत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घाला. मामा म्हणाले, ‘‘पेटीत घालायला ते काय हार्मोनियम हाय?’’ गाडीनंच जायचं ठरलं. मागच्या सीटवर सोलापुरी चादर अंथरली, तिच्यावर टॉवेल आणि टॉवेलशेजारी मामा.

कुत्रा घेऊन प्रवासाला निघालं की एक प्रश्न टोलनाक्यापासून चहाच्या टपरीपर्यंत पाठ सोडत नाही. ‘‘कुठल्या जातीचं आहे?’’ माणसाला हे विचारायचं तर आपल्याकडं किती आडवळणं घ्यावी लागतात. पूर्ण नाव काय, मूळ गाव कुठलं, अमुक तुमचे कोण लागतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळा महाराष्ट्र थेट मुद्द्यावर येतो. मी पहिल्या टपरीवर ‘‘गावठी आहे’’ म्हणालो, तर चहावाल्याचा चेहरा पडला आणि मामांचा त्याहून. पुन्हा गाडीत बसल्यावर ते म्हणाले, ‘‘पाव्हणं, इथून पुढं जातीचं मी बघतो.’’

मामांचं ज्ञान या विषयात कच्चं नाही. आमच्याकडून विजापूर ओलांडून पुढं गेलं की बागलकोट जिल्ह्यात मुधोळ लागतं. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी कारवानी कुत्री जपली, वाढवली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेटही दिली. त्यांनाच मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत हा मुधोळचा होता. सांगली-सोलापूरकडच्या रानांत सशामागं पळणारी कारवानी कुत्री मामांनी लहानपणापासून पाहिलेली. तेव्हा टॉवेलच्या पुढच्या अर्ध्या भागाबद्दल ते जे सांगत त्यात तथ्य असावं. मागच्या भागावर ते बोलताना उपरणं टाकत.

अडचण वेगळीच होती. आम्ही ज्या रस्त्यानं निघालो होतो त्या रस्त्यावर ज्याला त्याला सरकारी मानांकन. भौगोलिक मानांकन म्हणतात ते. बुडाखालची सोलापुरी चादर मानांकित. पुढं मंगळवेढ्याची ज्वारी मानांकित. सांगोल्याकडं रस्त्याकडेला रचलेली डाळिंबं मानांकित. सांगलीची हळद आणि बेदाणा मानांकित, कोल्हापूरचा गूळ मानांकित, तिथली चप्पल मानांकित. बायको मोबाइलवर हे वाचून दाखवी आणि जिथलं तिथं घेऊनही टाकी. कोल्हापूर सोडेपर्यंत गाडीत बिनकागदपत्रांचा असा एकटा टॉवेलच उरला होता. त्यानं मामांच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरीचा अंगठा घाटाआधीच चावून पाहिला. मामा रागावले नाहीत. ‘‘कातड्याची पारख हाय,’’ म्हणाले.

सांगोल्याच्या अलीकडं ढाब्यावर जेवायला थांबलो होतो तेव्हा त्यानं शेजारच्या टेबलावरची अख्खी भाकरी उचलली. पंढरपूर उजव्या हाताला राहिलेलं. भाकरीचा धनी काठी शोधत होता, तोवर मामांनी त्याला नामदेवांची गोष्ट सुनावली. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते, आणि तुम्ही काठी घेताय? पंढरीच्या इतक्या जवळ असा दाखला आल्यावर मनुष्य निरुत्तर झाला. वर टॉवेलला थोडं कालवणही मिळालं. ते सगळं आंबा घाटात बाहेर आलं.

घाटाची आमच्या कुत्र्याला कल्पनाच नव्हती. आमच्याकडं रस्ता म्हणजे समोर दिसतो तो. वळणाला निदान कारण तरी लागतं, विहीर असते, नाहीतर भाऊबंदकी. इथं वळण संपतं तिथंच दुसरं सुरू. टॉवेलनं पहिली काही वळणं अंगावर घेतली, मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि कानाशी एक लांब उसासा सोडला. साखरप्यात चादर धुतली. मानांकनाची चादर आहे, रंग गेला नाही.

कोकणात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ या पाट्या पावलोपावली, पण त्या सोयीत कुत्रा बसतो का हे पाटीवर लिहिलेलं नसतं. फोनवर विचारलं की आधी शांतता, मग ‘‘चावतो का?’’ चावत नाही म्हटलं की ‘‘मग भुंकतो का?’’ तेही फार नाही म्हटलं तर ‘‘मग पाळलाय कशाला?’’ गुहागरच्या काकूंनी मात्र हे काही विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘आणा हो, आमच्याकडे मांजरं आहेत, ती बघून घेतील.’’ आणि मांजरांनी खरोखरच बघून घेतलं. आम्ही पोचल्यानंतर थोड्याच वेळात टॉवेल आगराकडच्या पडवीत कोपऱ्यात बसला होता, आणि समोर एक मांजरी पाय चाटत पाळतीवर होती.

नावाचा घोळ इथंच झाला. संध्याकाळी तो दिसेना म्हणून बायको अंगणात उभी राहून ओरडली, ‘‘टॉवेल कुठाय?’’ आतून मुलगा धावत आला, हातावर घडी घातलेला टॉवेल. ती म्हणाली, ‘‘हा नाही हो, आमचा टॉवेल!’’ मुलगा आत जाऊन दोरीवरचा आमचा ओला टॉवेल घेऊन आला. ती वैतागून म्हणाली, ‘‘अहो, शेपटीवाला!’’ काकूंनी तेवढ्यात ओटीवरून माझ्याकडं असं पाहिलं की पुढची चौकशी मी एकट्यानंच, हळू आवाजात केली. तो माडाखाली खड्डा खणत होता.

बोटींचं सांगायचं तर जयगडच्या खाडीवर तवसाळला उतरताना आम्ही सगळेच नवखे होतो, त्यामुळं कोण जास्त घाबरलं ते लक्षात नाही. धोपाव्याला मात्र आम्ही जाणते होतो. वाशिष्ठी इथं समुद्राला मिळते. पलीकडं दाभोळ दिसतं, अगदी हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यानं जायचं तर चिपळूणकडून भलामोठा वळसा. 2003 साली इथं गाड्या वाहणारी फेरीबोट सुरू झाली आणि तो वळसा वाचला. बोट म्हणजे लोखंडी तराफाच. तोंडाची फळी साखळ्यांवर खडखडत धक्क्यावर पडते, गाड्या उलट्या-सुलट्या चढतात, एसटी येते, मासळीचा टेम्पो येतो, दोन बकऱ्या येतात.

तिकीटवाला आमच्या खिडकीशी आला. चारचाकीचे झाले, माणसांचे झाले, मग तो टॉवेलकडं बघत राहिला.

‘‘हा कशात धरू?’’

मामा म्हणाले, ‘‘फलकावर काय लिवलंय?’’

फलकाचा विचार करून तो म्हणाला, ‘‘गाडीत बसला तर गाडीत आला. खाली उतरला तर प्रवासी.’’

कायदा स्पष्ट होता. टॉवेलनं दार उघडं पाहून पुढचे दोन पाय खाली ठेवले आणि मागचे दोन गाडीतच ठेवून उभा राहिला. इंजिनाच्या थरथरीनं सगळं लोखंड गुणगुणत होतं. त्याची नखं पत्र्यावर टकटक वाजत होती आणि पाय हळूहळू फाकत चालले होते. तिकीटवाला खाली वाकून बराच वेळ हिशेब करत होता. मामांनी ‘‘हाफ तिकीट घ्या’’ म्हणून सुटे पुढं केले, तेव्हा तो हसला आणि मासळीच्या टेम्पोकडं निघून गेला. जाता जाता विचारलंच त्यानं: ‘‘जात कुठली?’’

इथं मामांना इतिहास सापडला. दाभोळ हे आदिलशाहीतलं मोठं बंदर. आमचं सोलापूरही त्याच घरातलं. चाँदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला होता. अरबस्तानातले घोडे या किनाऱ्याच्या बंदरांत उतरायचे आणि घाट चढून वर जायचे. आता घोड्यांच्या काफिल्याबरोबर कुत्री असणारच की नाही? ‘‘म्हंजे याचा खापरपणजा ह्याच धक्क्यावर उतरला असणार!’’ मामांनी दाभोळकडं हात केला. बोटीवरच्या मंडळींनी आदरानं टॉवेलकडं पाहिलं. आपल्या पूर्वजांचं बंदर जवळ येत असताना तो मागच्या दोन पायांसकट गाडीत शिरला आणि सीटखाली तोंड घालून बसला.

हर्णैला त्यानं पहिल्यांदा समुद्राला तोंड लावलं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, ज्याच्याशी कान्होजी आंग्र्यांचं नाव जोडलेलं आहे. किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव. होड्यांतून टोपल्या उतरताहेत, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात, बायकांचा भाव असा चढत-उतरत चाललेला की आमच्या मार्केट यार्डातल्या कांद्याच्या अडत्यांनी येऊन शिकावं. टॉवेलला यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसलं पाणी. टँकरची वाट न बघता, घागरींची रांग न लावता आलेलं, आणि वर स्वतःहून पायाशी येणारं. तो धावला, लाट मागं सरायच्या आत चार-पाच घोट घेतले आणि थांबला. जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मग माझ्याकडं बघितलं. मामा म्हणाले, ‘‘बोअरचं हाय म्हणावं.’’ बोअर म्हटल्यावर मलाही त्याची ती चव समजल्यासारखी वाटली.

किनाऱ्यावरची कुत्री लांबून पाहत होती. काय अंगाची! मासळी खाऊन तुकतुकीत, पोटं भरलेली, भांडायलासुद्धा सवड काढून उठणारी. आमचा भाकरीवर वाढलेला पैलवान त्यांच्यापुढं उपोषणाला बसल्यासारखा दिसत होता. पण ती मागं लागली तेव्हा पुढच्या अर्ध्या भागानं कुळी दाखवली. ओल्या वाळूवरून तो असा सुटला की त्याचे चारही पाय एकदम हवेत दिसले. लिलाव क्षणभर थांबला. एक कोळीणबाई टोपली कमरेवर धरून म्हणाली, ‘‘अगो बाय, पलतंय काय!’’ मामांनी मिशीवरून हात फिरवला. टॉवेल पार टोकाला जाऊन खेकड्याच्या बिळात नाक घालून बसला होता, आणि पाठलाग करणारी मंडळी अर्ध्यातूनच जेवायला परतली होती.

मधल्या खाड्या, वेश्वी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा, त्यानं झोपून काढल्या. राजपुरीला मात्र अडकलो. जंजिऱ्याला शिडाची होडी जाते. होडीवाल्यानं टॉवेलला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हा चढला तर बाकीचे उतरतील.’’ मामांनी इतिहास काढला, उपयोग झाला नाही. सिद्द्यांकडून हा किल्ला कुणालाच जिंकून घेता आला नाही; 1948 साली संस्थान विलीन झालं तेव्हाच तो हातचा गेला. त्या मानानं टॉवेलचा वेढा दोन मिनिटांत उठला. मामा धक्क्यावर त्याच्याजवळ बसत म्हणाले, ‘‘संभाजीराजांनी दगडं टाकून समुद्रात वाट बांधायला घेतली हुती. पुरी झाली असती तर चालत गेला असता गडी. जावा तुमी.’’

आम्ही गेलो. कलाल बांगडी तोफ पाहिली, चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचे तलाव पाहिले. सोलापूरच्या माणसाला तोफेपेक्षा हे तलाव जास्त बोचतात. वाटाड्या सांगत होता ते निम्मं वाऱ्यानं नेलं.

परत आलो तर धक्क्यावर ही गर्दी. कुठल्याशा शाळेची सहल होडीची वाट पाहत होती, आणि मध्ये चादरीवर टॉवेल, शेजारी मामा. पोरं ओळीनं येऊन त्याच्याबरोबर फोटो काढत होती. दाभोळचा धक्का सांगून झाला होता, पाचवा जॉर्ज होऊन गेला होता. सहलीबरोबरचे सर वही-पेन काढून उभे होते.

‘‘आजोबा, पण ब्रीड नेमकं कुठलं म्हणायचं?’’

मामांनी टॉवेलच्या रजेवरच्या कानाला हात लावून तो जरा उभा केला. ‘‘सोलापुरी टॉवेल.’’

‘‘हे नाव ऐकलं नव्हतं. रजिस्टर्ड आहे?’’

‘‘म्हंजे काय!’’ मामा म्हणाले. ‘‘सोलापुरी टॉवेलला मानांकन हाय. सरकारी. जाऊन बघा.’’

सरांनी लिहून घेतलं.