स्मरणिकावाले भाऊ

नागपुरात कशालाही दोनशे वर्षं व्हायची असोत, भाऊ सहा महिने आधीच दारात हजर. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि नमस्काराआधी, "स्मरणिका काढून राहिलो. एक पान घ्याच!"

उत्सवात भाऊंना गम्य नाही. ढोल, मंडप, सत्कार हे समितीनं बघावं. त्यांना जुने कागद छापायचे असतात. पिशवीत रेसिडेंट जेंकिन्सनं भोसल्यांच्या मुलखावर लिहिलेल्या, १८२७ साली छापलेल्या अहवालाची झेरॉक्स असते. झेरॉक्सवाल्यानं डावी बाजू कापल्यामुळे ओळींची पहिली अक्षरं गेलीत. ती भाऊंनी पेन्सिलीनं भरलीत. त्यावर कोणी शंका घेतली की म्हणतात, "जेंकिन्सला विचारा ना!"

१८१७ मध्ये सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी कामठीची छावणी वसवली. तिची द्विशताब्दी २०२१ साली, ऐन कोरोनात आली. भाऊ डगमगले नाहीत. "साजरीच नाही झाली, म्हणजे बाकी आहे," असा निकाल देऊन त्यांनी समिती बसवली.

समितीनं पानं वाटली. शुभेच्छासंदेश, अध्यक्षांचं मनोगत, कार्याध्यक्षांचं मनोगत, स्वागताध्यक्षांचं सपत्नीक छायाचित्र. छावणीच्या कागदपत्रांना उरलं अर्धं पान, तेही सावजी भोजनालयाच्या जाहिरातीखाली.

आता भाऊ राजीनामा फेकणार, असं सगळ्यांना वाटलं. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जाहिरात दोनदा वाचली.

"यात दर काहून नाही?"

"दर कशाला?" मालक म्हणाले.

"अहो, छावणीच्या बाजारात धान्य काय भावानं मिळे, हे शोधता शोधता माझे केस पांढरे झाले. तेव्हाच्या दुकानदारानं लिहून ठेवलं असतं तर? मटण रस्सा केवढ्याला, भाकर केवढ्याला, सगळं टाका. खाली तारीख टाका. त्रिशताब्दीच्या संपादकाला तुमचं हेच पान लागणार, अध्यक्षांचं मनोगत कोणी वाचणार नाही!"

अध्यक्ष खाकरले. मालक मात्र विचारात पडले. शेवटी हळूच म्हणाले, "भाऊ, इतिहासाचं ठीक आहे. पण दर छापले तर दिवाळीत वाढवू कसे?"

भाऊंनी तोडगा काढला : दिवाळी अंकात दुसरी जाहिरात, सुधारित दरांसह. पानाचे पैसे आगाऊ.